वन्यप्राणी आणि एक्झॉटिकसाठी स्टुडंट क्लब काढतोय (बडोदा), तो नीट चालवायचा कसा?

विश्वामित्रीकाठ · ११ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. मी बीव्हीएससीच्या (पशुवैद्यकाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, घर बडोद्यात दांडिया बाजारला. आम्ही अकरा जण आहोत, कॉलेजं वेगवेगळी पण घरं सगळ्यांची इथलीच, आणि सगळ्यांना वन्यप्राणी नाहीतर एक्झॉटिककडे (म्हणजे घरी पाळलेले पक्षी, ससे, कासवं वगैरे) जायचंय. तर रविवारी जमून एक क्लब सुरू करावा असं चाललंय.

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. २०२४च्या ऑगस्टचा पूर बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५च्या वर गेलं होतं. मी अकोट्याला मावशीकडे अडकले होते. पाणी उतरायला लागलं त्या दिवशी पार्किंगमध्ये ॲक्टिव्हाच्या मागे चारेक फुटांची मगर दिसली. अख्खी सोसायटी जिन्यात उभी आणि सगळे मला म्हणतायत, अगं तू जनावरांची डॉक्टर होतेयस ना, बघ ना तिला लागलंय. पुढच्या पायाला खोल चीर होती. रेस्क्यूवाली मुलं आली, त्यांनी दहा मिनिटांत तोंड बांधून डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, आणि त्यातला एक माझ्याकडे वळून म्हणाला, ताई, हिला अँटिबायोटिक कुठलं आणि किती द्यायचं?

मला म्हशीचा ऑक्सिटेट्रासायक्लिनचा डोस झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. मगरीचं मला काहीच माहीत नव्हतं. रात्री लाइट आल्यावर वाचत बसले तेव्हा कळलं की सरपटणाऱ्यांचं सगळं गणितच वेगळं, अंगाच्या तापमानावर त्यांचं मेटाबॉलिझम चालतं म्हणून सेफ्टाझिडीमसारखं औषध त्यांना ७२ तासांतून एकदा देतात, आणि टोचायचंही शक्यतो शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडे जातं. हे मला त्या जिन्यात माहीत असायला हवं होतं.

आमचा कोर्स साडेपाच वर्षांचा, इंटर्नशिप धरून. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रं यातच तो भरून जातो आणि ते बरोबरही आहे, आपल्याकडे पोट त्यावर चालतं. वन्यप्राण्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. माझ्या कॉलेजात क्लबसाठी खोली मागितली तर उत्तर मिळालं की आधी विषय क्लिअर करा. विषय क्लिअर आहेत, खोली अजून मिळालेली नाही.

तर विचारायचंय ते हे, की अशा क्लबात नेमकं काय करावं? नुसती लेक्चरं ठेवली तर महिन्याभरात लोक गळतील, आणि प्राण्यांना हात लावायचा तर परवानगी कोणाची, सांभाळून कसं करायचं, आणि आमच्यासारख्या अजून नापास-पास होणाऱ्या मुलांच्या हाती खरं काम द्यावं का? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

रावपुरा_टॉवर · ११ ऑक्टोबर

छान कल्पना. बसायला जागा हवी असेल तर आमच्या वाचनालयाचा वरचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो, मी विचारून ठेवतो.

मगरवाडा · ११ ऑक्टोबर

त्या पुरात २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी काढल्या होत्या, त्यातल्या काहींना आम्हीही हात लावलाय. मी पशुवैद्य नाही, हार्डवेअरचं दुकान आहे, पण बारा वर्षं वनखात्याबरोबर रेस्क्यूला जातोय, त्यामुळे ताई तुला दोनचार गोष्टी सांगतो त्या पुस्तकात सापडल्या तरी हातात यायला वेळ लागतो.

मगरीचा जबडा मिटायची ताकद राक्षसी, उघडायची ताकद अगदी कमी. म्हणून साधी चिकटपट्टी पुरते. पण पट्टी नाकपुड्यांच्या मागे यायला हवी, घाईत लोक नाकावर गुंडाळतात. डोळे झाकले की अर्धी शांत होते. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिला दमवणं. लोकांना वाटतं दमली की सोपं जाईल. मगर जोर लावते तो श्वासाच्या जोरावर नाही, स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठवत साठवत लावते, पाऊण तास झगडवली तर बाहेरून ठीक दिसते, पिंजऱ्यात घालतो, आणि काही तासांनी मेलेली सापडते. मी स्वतः हे बघितलंय, सुरुवातीच्या दिवसांत. तेव्हा आमच्यात एकही जण हे सांगणारा नव्हता. सहा फुटांची मादी होती. अजून आठवते.

म्हणून तुमचा क्लब व्हावा असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे हात आहेत, अंदाज आहे, पण जखम बघून ही सोडायची की ठेवायची हे ठरवणारा माणूस वेळेला मिळत नाही. नदीत चारशेच्या वर मगरी आहेत आणि त्या कुठे जाणार नाहीत, शहरही जाणार नाही.

परवानगीचं म्हणशील तर मगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणातली. वनखात्याला कळवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, उपचारही नाही. १९२६ वर फोन, मग बाकी सगळं.

जुना_स्टेथो · १२ ऑक्टोबर

बेटा, तुझा धागा वाचून राहवलं नाही. मी पस्तीस वर्षं सरकारी पशुवैद्य होतो, पंचमहाल आणि छोटा उदेपूरकडे बरीच वर्षं गेली, आता कारेलीबागला असतो.

तुला प्रश्न पडलाय काय करावं. मी म्हणतो मेलेल्यापासून सुरू करा. जिवंत प्राण्याला हात लावायला तुम्हाला परवानगी, लस, अनुभव सगळं लागेल, पण मेलेला प्राणी जितकं शिकवतो तितकं कोणी शिकवत नाही, आणि आपल्या देशात वन्यप्राण्यांचं पीएम (पोस्टमॉर्टेम) नीट होत नाही म्हणून कितीतरी गोष्टी उशिरा कळल्या. गिधाडांचंच घे. नोकरीला लागलो तेव्हा गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की दुपारपर्यंत पन्नास-साठ गिधाडं बसलेली दिसायची. मग कमी झाली, मग दिसेनाशीच झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९ टक्क्यांहून जास्त संपली. कारण काय तर आम्हीच गुरांना दुखण्यावर टोचत होतो ते डायक्लोफेनॅक. ते औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी, पोटात अवयवांवर पांढरा चुन्यासारखा थर, व्हिसरल गाऊट. हे कळलं ते कोणीतरी मेलेली गिधाडं उघडून बघितली तेव्हाच. २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या कामातून ते सिद्ध झालं, २००६ला आपल्याकडे गुरांसाठी बंदी आली. पण माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ला ती कुपी ३ मिलीची करावी लागली. मग २०२३ला किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी. मेलॉक्सिकॅम सुरक्षित आहे, ते तेव्हाही होतं.

मी किती डायक्लोफेनॅक टोचलं असेल त्याचा हिशोब नाही. कोणी सांगितलंच नव्हतं. पण दर महिन्याला दहा विद्यार्थी बसून गावाकडची मेलेली पाखरं बघत असते तर हे काही वर्षं आधी कळलं असतं असं मला अजून वाटतं.

दुसरं, पहिल्या मीटिंगआधी सगळ्यांनी रेबीजची, प्राणी चावण्याआधीच घ्यायची लस घ्या. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. ज्याची झाली नसेल त्याने सस्तन प्राण्याला हात लावायचा नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो.

अलकापुरी_पक्षी · १२ ऑक्टोबर

काकांशी सहमत, पण माझी बाजू मांडते कारण सगळे वाघ-मगरीचं बोलतायत आणि एक्झॉटिक राहून जातं. मी बडोद्यात खासगी प्रॅक्टिस करते, रोजच्या केसेसमधले निम्मे बजी, कॉकाटील (दोन्ही छोटे पाळीव पोपट), ससे, गिनीपिग आणि पाण्यातली कासवं असतात. हे प्राणी आता घराघरात आहेत, आणि त्यांना बघणारे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी एक मुलगी बजी घेऊन आली. पक्षी फडफडत होता म्हणून मी तो मुठीत घट्ट धरला, नखं कापायची होती फक्त. पक्ष्यांना डायफ्रॅम नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. ते मी परीक्षेत लिहिलेलं होतं. पण हातात पक्षी असताना ते आठवलं नाही. अर्ध्या मिनिटात त्याची मान कलंडली. ती मुलगी आठ-नऊ वर्षांची होती, तिने मला विचारलं की झोपला का? त्यानंतर कितीतरी महिने पक्षी धरताना माझा हात थरथरायचा.

डॉक्टरने पक्षी कसा धरावा हे शिकायला एका पक्ष्याचा जीव जाऊ नये. दोन बोटांत मान, बाकी हात फक्त पाळण्यासारखा, छातीवर काहीही दाब नाही. तुमच्या क्लबात पहिले दोन महिने हेच करा, आधी टॉवेलच्या गुंडाळीवर, मग कोणाच्या तरी घरच्या बजीवर, मालक समोर असताना.

आणि खाण्यावर एक अख्खा रविवार ठेवा. माझ्याकडे येणारे बरेचसे पक्षी नुसत्या कांग-राळ्यावर जगत असतात, व्हिटॅमिन ए कमी पडतं, मग नाक गळतं, डोळ्याला सूज, आणि मालक मला म्हणतात सर्दी झालीय. कासवांचं तर विचारू नका, काचेच्या पेटीत, ऊन नाही, यूव्ही दिवा नाही, कवच मऊ पडलेलं. मग लोक कंटाळून ती तलावात सोडतात. लाल कानाचं स्लायडर अमेरिकेतलं, इथल्या पाण्यात ते देशी कासवांच्या जिवावर उठतं.

कायदाही शिका. आपला साधा पोपट पाळणं गुन्हा आहे हे अर्ध्या बडोद्याला माहीत नाही. परदेशी पक्षी-प्राण्यांपैकी जे साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत त्यांची २०२४च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. समोर पाळायला बंदी असलेलं स्टार कासव घेऊन कोणी आलं तर डॉक्टर म्हणून तुम्ही काय बोलणार हे आधीच ठरवून ठेवा.

विश्वामित्रीकाठ · १२ ऑक्टोबर

डॉक्टर ताई, तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल खरंच थँक्यू. मी ते आमच्या ग्रुपवर टाकलं. दोन जणांनी रात्री टॉवेलवर प्रॅक्टिस करून व्हिडिओ पाठवले. काका, पीएमचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पण पक्षी मिळणार कुठून आणि उघडायचा कुठे? मेलेला असला तरी वन्यप्राणी तो सरकारी मालमत्ता ना?

जुना_स्टेथो · १२ ऑक्टोबर

बरोबर. जंगली पक्षी मेलेला सापडला तरी आपण उचलून घरी न्यायचा नाही. कोंबडीपासून सुरुवात करा, पोल्ट्री फार्मवर रोज मरतूक असते, मालक उलट आभार मानेल. पाच-पन्नास कोंबड्या उघडल्यात की एअर सॅक (श्वासाच्या हवेच्या पिशव्या) कुठे, किडनी कुठे दडलेली असते, नॉर्मल लिव्हर कसं दिसतं ते डोळ्यात बसतं. मग वनखातं बोलावेल तेव्हा मागे उभं राहून नोंद घ्यायला तरी तुम्ही कामाचे. आणि मास्क-ग्लोव्ह्ज-गॉगल शिवाय एकही पक्षी उघडायचा नाही. बर्ड फ्लूने नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या गेला, डिसेंबर २०२४ची गोष्ट. एच५एन१ मांजरकुळाला सोडत नाही आणि माणसालाही सोडेलच असं नाही.

सातासमुद्रापार · १३ ऑक्टोबर

मी मूळची वाडी भागातली, सध्या अमेरिकेत व्हेट टेक्निशियन आहे. इकडे जवळजवळ प्रत्येक व्हेट स्कूलमध्ये झू, एक्झॉटिक आणि वाइल्डलाइफचा स्टुडंट क्लब असतो. दुपारच्या सुट्टीत जेवता जेवता लेक्चर, शनिवारी वेट लॅब (हाताने करून शिकायचा वर्ग), भुलीचा डार्ट मारायची प्रॅक्टिस पुठ्ठ्याच्या हरणावर. वाइल्डलाइफ डिसीज असोसिएशनचेही विद्यार्थी चॅप्टर आहेत.

पण तुम्हाला उपयोगी पडेल असं उदाहरण म्हणजे इलिनॉय विद्यापीठाचं वाइल्डलाइफ मेडिकल क्लिनिक, अर्बानाला. १९७८ पासून चालू आहे आणि चालवतात विद्यार्थी. त्यांच्या टीम असतात, प्रत्येक टीममध्ये सीनियर-ज्युनियर मिसळलेले, आलेला प्राणी एका टीमचा. घुबड असो की ससा, त्याचं औषध, खाणं, पिंजरा, सगळं त्या टीमने बघायचं, निर्णयावर सही मात्र प्राध्यापक डॉक्टरची. पहिल्या वर्षाचा मुलगा पिंजरे धुतो आणि खाणं तोलतो, पण त्याच प्राण्याच्या चर्चेत बसतो. म्हणजे तिसऱ्या वर्षी पोचेपर्यंत त्याने शंभर निर्णय होताना बघितलेले असतात. खरं काम द्यावं का असं तू विचारलंस ना, तर द्यावं, फक्त पायरीपायरीने आणि वर सही करणारा माणूस असताना.

हेही सांगते की इकडे हे सगळं विद्यापीठाच्या छताखाली, लायसन्ससकट. तुम्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये घार ठेवायला जाऊ नका.

पालक_मांजलपूर · १३ ऑक्टोबर

माझी मुलगी नीटची परीक्षा देतेय आणि तिलाही हेच वेड आहे, म्हणून काळजीने विचारतो, कोणाला दुखवायचं नाही. यात पुढे नोकरी आहे का? की क्लब, फोटो, आणि शेवटी डेअरीतच?

जुना_स्टेथो · १३ ऑक्टोबर

डेअरीत जाणं काही वाईट नाही साहेब, मी तेच केलं. पण रस्ते आहेत. मोठ्या झूला पशुवैद्य ठेवणं सेंट्रल झू ऑथॉरिटीच्या नियमाने बंधनकारक आहे. वनखात्यात पशुवैद्य घेतात, बरेचदा पशुसंवर्धनातून डेप्युटेशनवर. पुढे शिकायचं तर बरेलीजवळ इज्जतनगरला आयव्हीआरआय ही पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, जबलपूरला वन्यप्राणी फॉरेन्सिक आणि आरोग्याचं वेगळं स्कूल आहे, नागपूरला गोरेवाड्याला संशोधन केंद्र. जागा थोड्या आहेत हे खरं. म्हणूनच ज्याच्याकडे पाच वर्षांच्या नोंदी आणि हात दोन्ही आहेत तो पुढे जातो. मुलीला अडवू नका, पण तिला सांगा की गाय-म्हशीचं मेडिसिन पक्कं कर. ज्याला म्हशीची सलाइन लावता येत नाही त्याला गव्याची येणार नाही.

ग्वाल्हेरचा_पाटणकर_बाजार · १४ ऑक्टोबर

ग्वाल्हेरहून लिहितोय, इथे चंबळचे घडियाल आणि कुनोचे चित्ते दोन्ही हाकेच्या अंतरावर. जुना_स्टेथो काकांच्या मुद्द्याला जोड देतो. नामिबियाहून ८ चित्ते सप्टेंबर २०२२ला आले, दक्षिण आफ्रिकेहून १२ फेब्रुवारी २०२३ला. २०२३च्या पावसाळ्यात काही चित्ते गेले तेव्हा मानेभोवती रेडिओ कॉलरखाली जखमा, त्यात अळ्या, आणि त्यातून सेप्टिसीमिया (रक्तात पसरलेला संसर्ग) असं निघालं. त्यांचं अंग आफ्रिकेच्या ऋतूप्रमाणे जून-जुलैत हिवाळ्याची दाट लव धरत होतं आणि इथे धो धो पाऊस. ओली लव, वर पट्टा, माशीला अजून काय पाहिजे.

आता अळ्या पडलेली जखम कोणाला माहीत नाही? आपल्याकडच्या कुठल्याही गोठ्यात पावसाळ्यात रोज एक असते. म्हणजे जगातला सगळ्यात चर्चेतला प्राणी आणि आपल्या दारातलं वासरू एकाच गोष्टीने आजारी पडलं. क्लबातल्या मुलांनी हे डोक्यात ठेवावं असं वाटतं. गीरमध्ये २०१८ला दलखाणियाचे २३ सिंह गेले त्यातही कॅनाइन डिस्टेंपर होता, म्हणजे कुत्र्यांचाच रोग. गावातली कुत्री लस टोचलेली असणं हेही वन्यप्राण्यांचंच काम झालं ना?

विश्वामित्रीकाठ · १४ ऑक्टोबर

हे फार पटलं. म्हणजे जंगलाच्या कडेच्या एखाद्या गावात कुत्र्यांचा लसीकरण कॅम्प, हे आम्ही आत्ताही करू शकतो, त्याला शेड्यूल एकची परवानगी लागत नाही. लिहून ठेवलं.

फिरकी · १९ ऑक्टोबर

उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचं, कोणी बोललं नाही अजून. जानेवारीत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान असतं, दरवर्षी १० ते २०, केंद्रांवर मांज्याने कापलेले पक्षी येतात, आणि १४-१५ तारखेला संध्याकाळी तर रांग लागते. मी चार वर्षं तिथे स्वयंसेवक आहे. तुम्ही अकरा जण आलात तर सोनं होईल. आणि एक, फोटो-रील्स भरपूर टाका, त्याशिवाय नवीन मुलं येत नाहीत, मी स्वतः रील बघूनच आलोय.

अलकापुरी_पक्षी · १९ ऑक्टोबर

फोटोला माझा ठाम विरोध. शॉकमधल्या पक्ष्याला मोबाइलचा फ्लॅश आणि चार माणसांचे चेहरे म्हणजे समोर शिकारी उभे. मी घारी टेबलावर फोटो काढता काढता गेलेल्या बघितल्यात.

फिरकी · १९ ऑक्टोबर

मॅडम तुमचं बरोबर आहे पण मी पक्ष्याला धरून फोटो म्हणत नाहीये. गुंतलेल्या मांज्याचा काढा, सोडताना लांबून काढा. मागच्या वर्षी आम्ही एका दिवसात निघालेल्या मांज्याचा ढीग काढला होता आणि तो बघून आमच्या पोळमधल्या (गल्लीतल्या) तीन पोरांनी नायलॉनच्या फिरक्या आणून दिल्या. नायलॉनवर २०१७ पासून बंदी आहे तरी मिळतोच.

अलकापुरी_पक्षी · २० ऑक्टोबर

मांज्याचा चालेल. हे मला सुचलं नव्हतं.

मग उत्तरायणासाठी लिहूनच देते, कारण तिथे गर्दीत काही सुचत नाही. पक्षी आला की पहिल्यांदा टेबलावर नाही, खोक्यात. बुटाचा खोका चिमणी-मैनेला, घारीला मोठा, भोकं बाजूला पाडा, वर नाही, वरून उजेड आला की पक्षी उडायला बघतो. आत कापूस नाही, पायात गुंततो. जुन्या सुती कापडाची चुंबळ करा, आपली आजी हंड्याखाली घ्यायची तशी, त्यात पक्षी बसला की छाती टेकते आणि पंख मोकळे राहतात. पंधरा-वीस मिनिटं अंधार आणि ऊब. चोचीत पाणी ओतायचं नाही, कोणीही कितीही म्हटलं तरी, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

मांजा ओढून काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा. जखम बहुतेक पंखाच्या पुढच्या पडद्याला असते, खांदा ते मनगट. ती शिवता येते. पण दंडाचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यात सलाइन मारू नका. ते हाड पोकळ, थेट एअर सॅकला जोडलेलं, पक्षी बाहेरून कोरडा आणि आतून बुडतो. ही चूक शिकलेली माणसं करतात.

विद्यार्थ्यांनी शिवायचं नाही. वजन, नोंद, खोका, ऊब, आणि डॉक्टरला हाक कधी मारायची ते ओळखणं, एवढंच. एवढं जरी अकरा जणांनी नीट केलं तरी आम्ही दुप्पट पक्षी बघू शकू.

विश्वामित्रीकाठ · २ नोव्हेंबर

पहिली मीटिंग झाली, वाचनालयाच्या हॉलमध्ये, कमाटीबागेला फेरी मारून मग बसलो. १८७९ची ती बाग, लहानपणी शंभरदा गेलेय, पण या वेळी पिंजऱ्यासमोर उभं राहून प्रत्येकाने फक्त श्वास मोजले आणि लिहिलं, कोण कसं बसलंय, कुठला पाय कमी टेकतंय. शेजारच्या एका आजोबांनी विचारलं, पोरांनो परीक्षा आहे का?

ठरलेलं असं. रेबीजची लस सगळ्यांची चालू, दोघांचा दुसरा डोस उद्या. डिसेंबरपर्यंत दर रविवारी एका पोल्ट्री फार्मवर, काका स्वतः येणार आहेत (काका, आईने तुम्हाला जेवायला बोलावलंय). डॉक्टर ताईंच्या क्लिनिकला दोघं-दोघं करून शनिवारी. मगरवाडा दादा आम्हाला दोरी आणि पट्टी शिकवणार, मगरीशिवाय, एका पीव्हीसी पाइपवर. वनखात्याला पत्र दिलंय, करुणा अभियानासाठी नावं घेतली. क्लबचं नाव अजून ठरत नाहीये, त्यावर दोन तास गेले, ते जाऊ दे.

आणि एक नोंदवही. तारीख, प्राणी, वजन, कुठे सापडला, काय दिसलं, काय केलं, काय झालं. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही असा नियम केलाय, मेला तर मेला लिहायचं आणि आम्ही काय चुकलो असू तेही.

मगरवाडा · २ नोव्हेंबर

पाइप माझ्या दुकानातून. पैसे नकोत.

विश्वामित्रीकाठ · १७ जानेवारी

उत्तरायण झालं. आत्ताच घरी आले, हाताला अजून बीटाडीनचा वास आहे. सगळं नंतर सविस्तर लिहीन, आज फक्त एक नोंद टाकते, वहीतली.

१४ जानेवारी, संध्याकाळी सव्वासहा. घार. वजन ६४० ग्रॅम. रावपुऱ्यातून एक शाळेतला मुलगा शर्टात गुंडाळून घेऊन आला. डाव्या पंखाच्या पडद्याला चार सेंटीमीटरची चीर, मांजा गुंतलेला, हाड शाबूत. खोका, चुंबळ, वीस मिनिटं अंधार. मांजा दोन्हीकडून कापला (आमच्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीने, हात अजिबात हलला नाही). त्या मुलाने पाणी पाजलं होतं का ते विचारलं, तो म्हणाला पाजणार होतो पण आईने नको म्हटलं. ताईंनी शिवलं, मेलॉक्सिकॅम दिलं. १५ला सकाळी मटणाचे तुकडे स्वतःहून खाल्ले. १६ला वजन ६५५. आज मोठ्या पिंजऱ्यात सोडली, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली, उतरताना डावा पंख जरा खाली येतो. अजून ठेवायची असं ठरलं.

त्याच संध्याकाळचा पांढरा शराटी वाचला नाही. दंडाचं हाड बाहेर आलेलं होतं, आणण्यापूर्वी कोणीतरी ती जखम नळाखाली धरून धुतली होती. ताईंनी आम्हाला बोलावून त्याच्या नाकातून येणारं पाणी दाखवलं. तेही वहीत आहे.

फिरकी · १७ जानेवारी

शराटीला आणणारे काका रोज फोन करून विचारतायत तो कसा आहे म्हणून. अजून सांगितलं नाहीये. तू सांगशील का, तुला नीट सांगता येईल.

विश्वामित्रीकाठ · १७ जानेवारी

उद्या सकाळी मीच जाऊन सांगते. जखम धुवायची नाही हेही त्यांच्याशी बोलेन, पण ते आधी नाही, नंतर. त्यांचा पत्ता मला व्यक्तिगत मेसेज कर.